बॉनेटवरचं नाव घासून काढलं

आज मंगळवार, सकाळी सव्वाअकरा. सांगलीच्या एका वर्कशॉपमध्ये आमच्या बागेतल्या जुन्या, छोट्या ट्रॅक्टरचं बॉनेट कोऱ्या पत्र्यासारखं चकाकत होतं.

मंडळी, काम एवढंच होतं: मडगार्डचा आणि चाकांचा गंज काढायचा. बॉनेटला हात लावायचा नाही. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यावर ह्यांनी लेकीचं नाव स्वतः ब्रशने रंगवलं होतं, 'सुमन'. आता हे नाहीत आणि सुमनही नाही. हे सगळं मी वर्कशॉपच्या मालकाला समोर उभं राहून सांगितलं होतं.

त्याने वाळूचा फवारा मारून जुन्या रंगासकट नावही उडवलं.

"आवं मॅडम, रंग पार फुगला हुता. रेडियमचं नाव बसवून देतो की! लय भारी दिसंल."

"आईचा फोटो फाटला तर दुकानातून दुसरीचा आणाल का?"

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आवाज चढवायचा नाही असं शिकवलं होतं. आज चढवला. ह्यांच्या हातचं तिचं नाव दुसरीकडे कुठेच नाही.

मालक ही पोस्ट वाचतील, म्हणून इथेच सांगते. सांगूनही बॉनेटला हात का लावला, याचं लेखी उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं. टाइप केलेलं नको. स्वतःच्या हाताने लिहा.