छगनभावजींचा आग्रह

आमच्या रनाळ्यात माझ्या दिरांना, छगनभावजींना, फार मान. तरुणपणी सुरतेच्या एका शेठबरोबर ते एडन, मोंबासा, झांजीबार असं फिरून आले. ओट्यावर बसले की सांगायचे, तिकडची उंच उंच माणसं भाले घेऊन जागच्या जागी कशा उड्या मारतात, बंदरावर बायका कसलं गाणं म्हणतात. ऐकणारे माना डोलवायचे. मला मात्र ते बोलणं कधी गोड लागलं नाही. गाव कुठलंही असो, शेवट तोच: "मी म्हटलं नाच, तर नाचला." तो कोणासाठी नाचत होता, असं मी विचारलं की हसायचे. "भाभी, तुम्हनं जग म्हनजे चूल अन् देव्हारा."

देवाचं नाव घेणाऱ्या तोंडाने घरच्या माणसाचं वाईट बोलू नये. पण अडतीस सालच्या होळीला जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहायलाच हवं.

त्या होळीला सुरतेचे शेठ फोटोचं यंत्र घेऊन आले. भावजी म्हणाले, "झांजीबार काय, आपल्या डोंगरात दाखवतो चला." तोरणमाळला गोरखनाथाचं दर्शन होईल म्हणून मीही गाडीत बसले. वाटेवरच्या पाड्यावर डोंगरसिंगचं घर. दर हिवाळ्यात आमच्याकडे चारोळी आणि मध घेऊन येणारा हा माणूस. त्याची पोर, दगू, सात वर्षांची झाली तरी पायावर उभी राहत नव्हती. तिच्यासाठी त्याने होळीचा नवस धरला होता: पाच होळ्या बुध्या व्हायचं. ही पाचवी.

बुध्या म्हणजे अंगभर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची माळ, डोक्यावर मोरपिसांचा टोप. त्या दिवसांत तो जमिनीवर निजतो, पायात काही घालत नाही, खाटेला शिवत नाही. हे डोंगरसिंगने आम्हाला गाडीतून उतरताच सांगितलं. त्याची बायको रमिलाबाई मला कानात म्हणाली, "आज एवढं निभलं की झालं."

मी भावजींना बाजूला घेऊन म्हटलं, "त्याला खाटेजवळ नेऊ नका."

"मले शिकाडू नका भाभी. लाजस तो."

आमच्याकडे पाहुणा एकदा नको म्हणाला तर ते नको नसतं. दुसऱ्यांदा म्हणाला तरी वाढायचं, तिसऱ्यांदा हात धरून बसवायचं. आग्रह केला नाही तर घराची शोभा जाते. भावजी तेवढंच शिकलेले. त्यांनी पाड्यातली बाज उजेडात ओढली आणि शेठच्या यंत्रासमोर मांडली.

"बस रे डोंगरसिंग."

"नही भाऊ. नवस शे."

"आरे, बस ना. गावात कोनले मी हात धरीसन बसाडस का? तुले मान दी ऱ्हायनू मी."

"नही."

"तिसऱ्यांदा नही म्हनू नये," भावजी हसत म्हणाले. त्यांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि दाबलं. डोंगरसिंग पाच दिवसांचा अर्धपोटी. तो बाजेवर टेकला. यंत्राचा खटका वाजला.

ढोल थांबला. पुजारी पुढे आला, बाजेकडे पाहिलं आणि म्हणाला, "उतर. नवस मोडला. पुन्हा पहिल्या होळीपासून धर."

रमिलाबाई पोरीला उचलून झोपडीत गेली. डोंगरसिंगने डोक्यावरचा टोप काढला. भावजी म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसला? देव काय बाज पाहतो?"

डोंगरसिंग म्हणाला, "देव पाहतो का नाही, ते तू ठरवशील? तुझ्या घरी मी उंबऱ्याबाहेर बसतो. आज इथे बाजेवर बसवलंस. दोन्ही वेळा तुझीच मर्जी."

आम्हाला पाड्यात पाणीसुद्धा कोणी दिलं नाही. बैल जुंपून तसेच खाली उतरलो. गोरखनाथ राहिला. गाडीत भावजी शेठना सांगत होते, "जंगली लोक. मान कळत नाही." मी म्हटलं, "मान तुम्हालाच हवा होता." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि मी त्यांना जेवताना आग्रह करत नाही.

डोंगरसिंग पुन्हा आमच्या दारी आला नाही. दोन वर्षांनी शहाद्याच्या बाजारात दिसला. चारोळीची टोपली पुढे होती. त्याने नवस पुन्हा पहिल्यापासून धरल्याचं मी ऐकलं होतं. जवळ जाऊन विचारलं, "दगू चालते का रे?"

त्याने टोपलीवर फडकं ओढलं.

"तुमच्या घरच्या माणसाला नाही सांगणार," तो म्हणाला, आणि माझ्यामागच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.