मधोमध फाडलेलं कापड

"अर्ध्या कापडात घागरा बसतोय व्हय? सगळं घ्यायचं हुतंस," बयाबाई सुनेवर करवादल्या.

"सुरैयानं आदी उचललं हुतं, आत्याबाई."

"मग तिलाच द्यायचं. मदी तुजं काय?"

उज्वलानं हातातली कात्री खाली ठेवली. पिरंगुटच्या दुकानात ते शेवटचंच हिरवं कापड सुरैयानं लेकीच्या, मन्तशाच्या, ईदेच्या ड्रेससाठी उचललं होतं. आपल्या सोनियासाठी उज्वलाचाही जीव त्यावर गेला आणि तिचं तोंड उतरलं. मैत्रिणीचं मन मोडवेना, म्हणून सुरैयानंच ते मधोमध फाडायला सांगितलं. तेव्हाच नको म्हणायला हवं होतं, हे उज्वलाला कात्री हातात घेतल्यावर कळलं. आता दोघींचंही शिवण अडलं होतं.

तिनं कापडाची घडी घातली.

"हे मी सुरैयाला देतीय. जोड देऊन मन्तशाचा ड्रेस हुईल. सोनिया, तू मागच्या वर्षीचाच घागरा घालायचा."