फटीतलं कुंकू

आमचे धाकटे दीर कुंडलिक नातेपुत्याहून सोलापूरला आले आणि सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे हंगामी शिपाई झाले. चौऱ्याहत्तर साल असेल. ठिणगीचा उजेड फोडून त्याच्या रंगीत रेघा दाखवणारं एक यंत्र तिथं होतं. त्याला भावजी फार जपत. बायकोला एवढं कधी जपलं नाही, असं त्यांची शकुंतला अजून म्हणते.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी यंत्राची पूजा केली. तेल, हळद, कुंकू, झेंडू, काही सोडलं नाही. भक्ती जरा जास्त झाली. उजेड आत जायला केसाएवढी फट असते, बोट नेमकं तिथंच टेकलं. दसऱ्यानंतर बघतात तर आत अंधार. भावजींनी फटीचा स्क्रू पिळून ती रुंद केली. उजेड आला, पण ठिणगीत मीठ टाकल्यावर शेजारीशेजारी दिसणाऱ्या दोन पिवळ्या रेघांची एकच जाड पट्टी झाली. प्रयोगशाळेचे प्रमुख यज्ञेश्वर सर हबकले. त्यांना वाटलं, यंत्र म्हातारं झालं. दोनच दिवसांनी कोल्हापूरच्या विद्यापीठातून तपासणीला माणसं यायची होती, त्यांना त्या दोन रेघा दाखवायच्या होत्या. आणि भावजींना कायम करायचं पत्र सर त्याच दिवशी देणार होते.

भावजी दुपारी घरी आले, ताटाला हात लावला नाही.

"वैनी, खरं सांगितलं तर माजी नोकरी जाती. न्हाय सांगितलं तर सरांची अब्रू."

"मी बी शिलाई मशिनीची पूजा करते की. कुंकू सुईच्या नाकात भरते व्हय?"

"चेष्टा करू नका."

"मग रडत बसू? जावा, सांगा जावा."

गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "कुंकू लावायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाय सर. मन लावून लावलं."

"तेवढ्याच मन लावून काढा."

काडेपेटीची काडी तासून भावजींनी फट कोरली, मग स्क्रू जरा जरा आवळत नेला. फट बारीक होईल तसा उजेड मंद झाला. सरांनी खिडक्यांवर चादरी टांगल्या. भावजींचा डोळा नळीला.

"सर, फुटली. एकीच्या दोन झाल्या."

तपासणीच्या माणसांनी दोन्ही रेघा बघितल्या आणि भावजींना कायम केल्याचं पत्र मिळालं. त्यात सरांनी एक ओळ जादा लिहिली: या स्क्रूला कुंडलिकशिवाय कोणी हात लावू नये. त्या ओळीपायी भावजींना पुढं गावाकडचं एकही लग्न धड गाठता आलं नाही. मांडवात टेकले की सरांची तार हजर.