होडीचा दिवाण

आमच्या बैठकीच्या खोलीत सोफा नाही, होडी आहे.

खरीखुरी, खाडीत चालणारी, ॲल्युमिनियमची होडी. येणारा माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि मग 'चहा नको, निघतो' म्हणतो. आमच्या चिंचणीत आता मला माझ्या नावानं कोणी ओळखत नाही. 'होडीवाली काकी' विचारा, शेंबडं पोरसुद्धा घर दाखवेल.

झालं असं, की आमचे हे बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाले. निवृत्त झालेले बाकीचे लोक देवळात जातात, नाही तर नाक्यावर बसून देश चालवतात. ह्यांनी खाडीत गळ टाकायला घेतला. आम्ही पडलो पिढ्यान्‌पिढ्यांचे वाडीवाले. चिकू, नारळ, केळी. आमच्या घराण्यात पाण्यात कोणी उतरलंच असेल तर ते विहिरीत पडलेलं!

पहिली होडी होती जुनी आणि अरुंद. इतकी अरुंद, की शिंक आली तर आधी काठाला यावं लागे. एकदा हौसेनं मीही बसायला गेले. बसायला म्हणजे, एक पाय ठेवला. दुसरा उचलायच्या आत हे खाडीत आणि मी चिखलात! आमची म्हावरेवाली हिरा काठावरच उभी होती. एवढ्या मोठ्यानं हसली, की टोपलीतली पापलेटं दचकली असतील.

"बाय, होडी लहान नाय गो, तू मोठी हायस!"

झालं! घरी येऊन पदर पिळता पिळता मीच ह्यांना म्हटलं, "आणायची तर रुंद होडी आणा. माणसानं बसावं अशी!" (हे मीच म्हटलं, बरं का. उगाच ह्यांना नावं ठेवून मला पाप नको.)

ह्यांच्या एका जुन्या सोबत्याची बोईसरला पत्राकामाची शेड आहे. तिथं ह्यांनी होडी बनवून घेतली. सपाट तळाची, हलकी, आणि रुंद. किती रुंद, ते टेम्पो आमच्या आळीत शिरला तेव्हा कळलं. म्हणजे शिरलाच नाही. ड्रायव्हर उतरला, होडीकडे बघितलं, आळीकडे बघितलं, आणि मला म्हणाला, "चाची, या तो नाव छोटी करो, या गली बडी करो."

शेवटी आळीतल्या पुरुषांनी ती डोक्यावर घेऊन मिरवत आणली. गणपतीसुद्धा एवढ्या थाटात येत नाही आमच्याकडे. हिरानं तिच्यावर बोटानं टकटक केलं आणि विचारलं, "होडी हाय का लग्नातला वरणाचा टोप?"

दोन महिने मजेत गेले. मग पावसाळा आला आणि प्रश्न पडला, ही ठेवायची कुठं? कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्या वर काठाला ओढून, झाकून ठेवलेल्या. आमचीही ठेवली. दुसऱ्याच दिवशी एक भंगारवाला तिला कलिंगडासारखी वाजवून बघताना सापडला. म्हणून वाडीत आणली. तिथं रात्री तिच्यावर नारळ पडला. असा आवाज झाला, की कारखान्यात काहीतरी उडालं म्हणून अख्खी आळी चादरी गुंडाळून रस्त्यावर! हे मात्र शांत. बॅटरी घेऊन आधी होडीला पोचा आलाय का बघितलं, मग शेजाऱ्यांची माफी मागितली.

मग सगळ्यांत हुशार सूचना आली. माझी. "घरात घ्या तिला!"

बैठकीच्या सरकत्या खिडक्या उतरवल्या, होडी आत घेतली, उपडी करून लाकडी ओंडक्यांवर ठेवली, खिडक्या परत बसवल्या. सोफा गेला पुतण्याकडे. आणि होडीच्या पोटाखाली एवढी कोरडी, छान जागा झाली, की मी पावसाळ्याची सगळी अगोट, म्हणजे साठवणीचं सामान, तिथंच रचली. सुके बोंबील, जवळा, वाकट्या. मला तर वाटलं, हिच्यासारखी सोय नाही!

आणि नेमकी त्याच आठवड्यात आमची प्राची म्हणाली, "आई, रविवारी निलेशच्या घरचे येतायत."

प्राची तारापूरला प्रयोगशाळेत नोकरी करते. निलेश तिच्याच खात्यातला. दोघांचं जमलेलं, आम्हालाही मुलगा पसंत. अडकलेलं घोडं एकच, त्याची आई. मनोरच्या त्या बाईंच्या घरात म्हणे चमचासुद्धा परवानगी घेऊन जागचा हलतो. निलेशचं आधी एक स्थळ आलं होतं, ते त्यांनी मुलीकडच्यांचं मोरीचं दार बघून मोडलं होतं!

प्राचीच्या डोळ्यांत पाणी. "आई, फक्त एक दिवस आपलं घर घरासारखं दिसू दे गं."

आता होडी काढायची तर परत खिडक्या उतरवा, परत माणसं गोळा करा. आणि बाहेर पाऊस असा, की होडी नुसती दारात ठेवली असती तरी पार दातिवऱ्याच्या किनाऱ्यापर्यंत आपली आपण गेली असती. मी म्हटलं, "काळजी करू नको. दिवाण करते तिचा."

वर गोधडी टाकली. त्यावर लग्नात आलेली, मोरांची, सॅटिनची चादर. ती जमिनीपर्यंत सोडली. दोन लोड, एक फुलदाणी. लांबून बघितलं तर एखाद्या संस्थानिकाचा दिवाण! ह्यांना बजावलं, "होडी हा शब्द तोंडातून काढायचा नाय."

"आणि दिवाणाला पुढं टोक का, असं विचारलं तर?"

"नवीन फॅशन हाय म्हणायचं!"

रविवारी मंडळी आली. निलेश, त्याचे वडील आणि त्या. त्या चांगल्या माझ्याच अंगाच्या निघाल्या. चपला काढताना त्यांनी छताचा कोपरा बघितला, पंख्याची पाती बघितली, आणि दिवाणावर बसल्या.

ढम्म!

तळाचा पत्रा आत गेला. त्या ताडकन उठल्या. टण्ण! पत्रा बाहेर आला.

"नवीन हाय," मी म्हटलं. "बसता बसता बसेल."

त्या परत बसल्या. ढम्म. शेजारी निलेशचे वडील बसले. ढम्म-टण्ण. मग जो कोणी चहाला हात पुढं करी, त्याच्याखाली टण्ण, कप घेऊन मागं रेलला की ढम्म. बोलणी चाललीयत की लेझीम, कळेना!

"पोहे छान झालेत," त्या म्हणाल्या. आणि दिवाण गुरगुरला.

आमची मांजर! सुक्या बोंबलांच्या वासानं खालून आत शिरलेली. तिच्यामागून शेजारचा बोका. पत्र्याच्या पोटात दोघांची जुंपली. एरवी साधं 'म्याव' असतं, त्याचा तिथं वाघ होत होता!

"अहो, ह्याच्या आत काहीतरी हाय," निलेशचे वडील पाय वर घेत म्हणाले.

आमच्या ह्यांनी मला वाचवायला म्हणून तोंड उघडलं. "काय नाय, काय नाय. दिवाण हाय. पाण्यात टाकला की आवाज करत नाय."

मी कपाळाला हात लावला. त्याच क्षणी बोक्यानं आतून चादरीला पंजा घातला. सॅटिनची चादर, गुळगुळीत पत्रा. गोधडी सुटली आणि बाई घसरायला लागल्या. एकदम नाही हो! हळूहळू, सावकाश, तोंडावर तोच करारी भाव, हातात पोह्यांची बशी सरळ धरून. लोड आधी गेले, मग फुलदाणी, मग मोर, आणि सगळ्यात शेवटी त्या, ओंडक्याला टेकून, माझ्या लादीवर. बशीतला एक पोहा सांडला नाही!

मागं उघडी होडी. बोका तोंडात बोंबील घेऊन त्यांच्या मांडीवरून गेला.

प्राची दारात, रंग उडालेला. मला तर त्या मोरीच्या दारवाल्यांचा हेवा वाटायला लागला.

बाईंनी बशी खाली ठेवली. होडीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. असं बघितलं, की तो माणूस कप घेऊन खिडकीकडेच सरकला.

"बघा," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडं निदान झाकायची अक्कल तरी हाय!"

आम्हाला काही कळेना. मग निलेशच हळूच म्हणाला, "आमच्या हॉलमध्ये पप्पांचा शेत नांगरायचा पॉवर टिलर हाय. टीव्हीसमोर."

"बाहेर गंजतो म्हणतात!" बाईंचा आवाज चढला. "त्याच्यापायी मी कोणाला घरी बोलवत नाय. दुसऱ्याच्या घरात खोड काढायची आणि उठायचं, म्हणजे आमच्याकडं यायचं कोणी नावच काढत नाय. मोरीचं दार काय वाईट होतं त्या लोकांचं? चांगलं होतं!" आणि त्या तिथंच लादीवर बसून हसायला लागल्या. मी शेजारी बसले. दोघी रडेपर्यंत हसलो.

तोवर दोघे पुरुष होडीभोवती फिरत होते. "पत्रा किती जाडीचा?" "टिलरला डिझेल किती लागतं?" ज्यांचं लग्न, त्यांना कोणी काही विचारलं नाही. ती दोघं स्वयंपाकघरात उरलेले पोहे खात बसली होती. लग्न ठरलं ते असं.

पुढच्या महिन्यात आम्ही रीतीप्रमाणे मनोरला त्यांच्या घरी गेलो. विहीणबाई चहा ठेवायला आत गेल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "बसा हो निवांत." समोर कॉट, त्यावर उंचवट्यासारखं काहीतरी, वर फुलाफुलांची चादर. मी आता काय पूर्वीची भोळी राहिलेय? मनात म्हटलं, आमचं बघून झाकलेला हाच तो टिलर, मला नाही फसवता येणार! आणि बसायच्या आधी, सगळ्यांच्या देखत, झटक्यात चादर ओढली.

खाली मुलाची आजी झोपली होती.

"कोण हाय गो?" तिनं डोळे किलकिले करून विचारलं.

मी चादर परत तिच्या गळ्यापर्यंत नीट घातली आणि म्हटलं, "मी मुलीची आई. आमच्याकडे जरा तपासून बसायची पद्धत हाय."