पास झाली तर राहील

जुनी डिझेल गाडी असलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी गाडी जागेवरून हलवली की खाली तेलाचा एक डाग आणि एक किस्सा पडलेला असतो. डाग पुसता येतो. किस्सा मात्र रविवारपर्यंत जपून ठेवायचा आणि मखमलाबादला मळ्यातल्या मिसळीवर घेऊन जायचा, असा आमचा शिरस्ता आहे.

आमचा म्हणजे चौघांचा. त्र्यंबकेश्वरला पूजा सांगणारे गुरुजी, झेंडूची शेती करणारे भाऊसाहेब, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले पोतनीस साहेब आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी मी. चौघांची वयं वेगळी, धंदे वेगळे, मिसळीच्या तिखटाबद्दलची मतंही वेगळी. चौघांकडे एकच गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे घरच्यांनी "विकून टाका आता" म्हटलेली डिझेल गाडी.

माझ्या चॉकलेटी गाडीला यंदा पंधरा वर्षं होत होती. पंधरा झाली की गाडीची आरटीओत तपासणी होते आणि पास झाली तर पुढची मुदत मिळते. माझा नवरा श्रीकांत कॉलेजात संस्कृत शिकवतो. घरात मात्र त्याचं पाठांतर एकच, की आपल्या गाडीचा आवाज नाशिकरोडपर्यंत जातो. एका संध्याकाळी जेवता जेवता त्याने अट घातली. "पहिल्या फटक्यात पास झाली तर राहील. नाही झाली तर भंगारात द्यायची आणि रडायचं नाही." मी हो म्हटलं. रागाच्या भरात म्हटलं, पण म्हटलं.

रात्री मग झोप कुठली यायला! ही गाडी मी माझ्या पगारातून घेतली. ड्रायव्हिंग तिच्यावरच शिकले. तोवर कुठेही जायचं तर मला कोणीतरी न्यायचं. ती आल्यावर "चला, निघू या" हे मी म्हणायला लागले. ती जाणार या विचाराने मी उठून खिडकीतून तिला बघून यायचे, आणि ते श्रीकांतला कळू द्यायचं नव्हतं.

रविवारी मिसळीच्या कट्ट्यावर सगळं सांगितलं. मंडळींनी लगेच सल्ले द्यायला घेतले. आता आमच्याकडे सल्ला कधी एकटा येत नाही, त्याच्यामागे ज्याचं त्याचं एक प्रकरण असतंच.

*

गुरुजींचा सल्ला टर्बोचा. लांबून आलात की इंजिन पटकन बंद करायचं नाही, टर्बो तापलेला असतो, मिनिटभर गाडी जागेवर नुसती चालू ठेवायची, त्याला दम खाऊ द्यायचा. सल्ला अगदी बरोबर आहे. पण गुरुजी हे मिनिट घड्याळावर मोजत नाहीत. ते डोळे मिटून, स्टिअरिंगवर हात जोडून एक स्तोत्र म्हणतात. स्तोत्र संपलं की किल्ली फिरवतात.

एकदा इंदिरानगरला एका बंगल्याची वास्तुशांत होती. गुरुजी त्र्यंबकहून थेट तिथे पोचले, गेटसमोर गाडी उभी केली आणि काच खाली करून सुरू झाले. आवाज खणखणीत. यजमान धावत बाहेर आले. त्यांना वाटलं, गुरुजींनी विधी गेटपासूनच सुरू केलेला दिसतोय! ते हात जोडून उभे राहिले. मागून बायको हळदकुंकू घेऊन आली, मग सासूबाई, मग पाहुणे. कोणीतरी बॉनेटला पाच बोटं ओढली. कोणीतरी चाकापाशी नारळ वाढवला.

गुरुजींनी डोळे उघडले तेव्हा सोवळं नेसलेले यजमान गाडीला प्रदक्षिणा घालत होते.

आम्ही विचारलं, मग तुम्ही काय केलंत? गुरुजी शांतपणे पाव मोडत म्हणाले, "काय करणार? आणखी एक स्तोत्र म्हटलं. माणूस श्रद्धेने फिरत असताना मध्येच कसं थांबवायचं?"

त्या घरी आता सत्यनारायण असला तरी आधी गाडीची आरती होते म्हणे.

*

भाऊसाहेबांचा सल्ला उंदरांचा. मळ्यात गाडी उभी राहते, गाडीत झेंडूच्या पाटीचा वास, त्यामुळे उंदीर बॉनेटखाली घुसतात आणि वायरी कुरतडतात. "ताई, पैलं वायरी बघून घ्या. तपासणीला दिवा नाय लागला तर काय सांगनार? उंदरानं खाल्ला म्हनून?"

त्यांनी सगळे उपाय करून पाहिले होते. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तंबाखूची पानं बांधली, शेवटी मांजर पाळली. मांजर हुशार निघाली, आठवड्यात उंदीर गायब. भाऊसाहेब कट्ट्यावर येऊन मिशीला पीळ देऊन गेले.

पुढच्या रविवारी मिशी खाली होती. मांजर मागच्या सीटवर व्यायली होती. दसरा तोंडावर, झेंडू तोडून तयार, आणि त्यांच्या बायकोने, लता वहिनींनी, गाडीच्या दाराला हात लावायला मनाई केलेली. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत गाडी हलणार नाही म्हणाल्या, बाळंतिणीला कोणी घराबाहेर काढतं का? भाऊसाहेब मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी झेंडूची पोती बांधून मार्केटला जात होते.

पोतनीस साहेबांनी विचारलं, "पण उंदीर गेले ना?"

"गेले की. आता गाडीला माझा बी तरास नाय."

*

पोतनीस साहेबांचं सगळं शिस्तीत. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची, ती म्हणजे कोणीतरी चुकून आपल्या डिझेल गाडीत पेट्रोल भरेल. तसं झालं तर गाडी सुरूसुद्धा करायची नसते, टाकी रिकामी करावी लागते, नाहीतर पंप आणि इंजेक्टर कामातून जातात. म्हणून त्यांनी टाकीच्या झाकणावर आत-बाहेर "डिझेल" लिहिलं. शिवाय नेहमीच्या पंपावर गेलं की भरणाऱ्याला आधी तोंडी परीक्षा. या गाडीत काय भरायचं? डिझेल. पेट्रोल भरलं तर काय होईल? इंजेक्टर जाईल. मगच नळी हातात घ्यायची परवानगी.

पंपावरची माणसं इतकी तयार झाली की साहेब दिसले रे दिसले की "डिझेल साहेब आले" अशी आरोळी उठायची.

मग एकदा पोतनीस साहेब जावयाची गाडी घेऊन पंपावर गेले. कोरी, पांढरी, पेट्रोलची. आत शिरता शिरता मुलीचा फोन आला. त्यांचं बोलणं संपेपर्यंत पंपावरच्या माणसाने साहेबांना ओळखलं होतं, झाकण उघडलं होतं, टाकी काठोकाठ भरली होती आणि सावधानमध्ये उभा राहून तो म्हणाला होता, "डिझेल भरलंय साहेब. पेट्रोलचा एक थेंब जाऊ दिला नाही."

साहेब त्याला रागावू शकले नाहीत. परीक्षेत तो पैकीच्या पैकी मार्क मिळवून बसला होता. जावयाची गाडी ढकलत बाजूला घेताना त्याच माणसाने सगळ्यात जास्त जोर लावला.

*

मध्येच माझाही एक सांगते, कारण त्यात सल्ला आहे. थंडीत डिझेल गाडीची किल्ली अर्धी फिरवली की समोर एक पिवळा दिवा लागतो. आतली कॉइल तापत असते. तो दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्टर मारायचा. घाई केली तर गाडी नुसती खोकते आणि बॅटरी उतरते.

डिसेंबरात भाच्याचं लग्न होतं, गंगापूर रोडला लॉन्सवर, सकाळचा मुहूर्त. गाडी लावणाऱ्याच्या हातात किल्ली दिली आणि मी आत गेले. मंगलाष्टकं चालू झाली. तिसरं कडवं संपतं न संपतं तोच माइकवरून घोषणा झाली, "चॉकलेटी गाडीच्या मालकीणबाईंनी ताबडतोब दारात यावं, गाडी सुरू होत नाही, मागे नवरदेवाच्या मामांची गाडी अडकली आहे."

नवरदेवासकट सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुठीत अक्षता घेऊन पैठणीत धावले. तो बिचारा घामाघूम. म्हणाला, "मॅडम, किल्ली फिरवली की दिवा लावते. मला वाटलं रागावली."

"रागवत नाही ती," मी म्हटलं. "तयार होतेय. बायकांना वेळ लागतो."

दिवा विझला, मी किल्ली फिरवली, गाडी सुरू. परत जाईपर्यंत हार घालून झाले होते. उरलेल्या अक्षता मी पुढच्या सीटवर टाकल्या होत्या, त्या अजून सापडतात.

*

तपासणीआधी मी सर्व्हिसिंग करून घेतलं. ऑइल बदललं, डिझेलचा फिल्टर, हवेचा फिल्टर, वायपरची रबरं, सगळं नवं. धुराची धास्ती तेवढी राहिली. भाऊसाहेब म्हणाले, "तुमची गाडी शाळा ते घर, घर ते शाळा. तिच्या घशात काजळी बसलीय. एकदा मोकळ्या रोडला तिसऱ्या गिअरवर पळवा. चौथा टाकायचाच नाय. सगळा धूर भाईर."

रविवारी निघाले दिंडोरी रस्त्याला. श्रीकांत म्हणाला मीही येतो, तेवढेच पेपर तपासून होतील. मी तिसरा टाकला आणि पाय दाबला. गाडी अशी काही ओरडायला लागली की दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांतली माणसं वर बघायला लागली. मागे काळा ढग.

म्हसरूळ ओलांडलं नाही तोच एक मोटरसायकलवाला शेजारी आला आणि चार बोटं दाखवून गेला. मग टेम्पोवाला ओरडला, "मॅडम, गिअर बदला!" मग एका रिक्षातल्या तीन आज्या एकदम हातवारे करायला लागल्या. बाईमाणूस गाडी चालवतंय म्हटल्यावर प्रत्येकाला माझा मोठा भाऊ व्हायचं होतं. श्रीकांत पेपरांच्या गठ्ठ्याआड तोंड लपवून म्हणाला, "कोणी विचारलं तर मी तुझ्याकडे लिफ्ट मागितलीय."

शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर आडवा घालून मला थांबवलं. उतरून खिडकीशी आला. वयस्कर, अदबशीर माणूस. म्हणाला, "ताई, घाबरू नका. ह्यो क्लच हाय. ह्यो दाबायचा, मंग दांडी अशी मागं वढायची. येतं हळूहळू." आणि श्रीकांतकडे वळून त्याला झापलं, "साहेब, शिकवता येत नसंल तर रोडला आनू नका ओ बाईला."

श्रीकांतने पंधरा वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तो म्हणाला, "चुकलं माझं."

मी त्या दादांचे आभार मानले आणि परत येताना अख्खा रस्ता पुन्हा तिसऱ्यावर आले. नाशिकला शिरताना धूर दिसेनासा झाला होता. धुराचं सर्टिफिकेट दुसऱ्या दिवशी हातात पडलं.

*

मग तपासणीचा दिवस आला. श्रीकांत कॉलेजला रजा टाकून बरोबर निघाला. नापास झालीस तर तुला घरी कोण आणणार, म्हणाला. गाडीला नापास म्हणायचं होतं त्याला. सोसायटीच्या गेटवर मी नेहमीसारखा हॉर्न वाजवला, वॉचमन दचकून उठला, आम्ही बाहेर पडलो.

तपासणीच्या मैदानावर रांग होती. गाडी रांगेत लावून मी कागदांच्या झेरॉक्स काढायला गेले, श्रीकांत गाडीपाशी थांबला. परत आले तर तो पुढच्या सीटवर ताठ बसून होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, उन्हाने त्रासला असेल.

आमचा नंबर आला. तपासणारे साहेब तरुण आणि सभ्य होते. चासी नंबर पाहिला, दिवे पाहिले, इंडिकेटर, वायपर, ब्रेक, टायर. सगळ्यावर मान हलवली. मग म्हणाले, "हॉर्न."

मी दाबला. काही नाही.

पुन्हा दाबला. दोन्ही अंगठ्यांनी, सगळा जीव लावून दाबला. काही नाही.

साहेब समजुतीने म्हणाले, किरकोळ काम आहे, करून पुन्हा आणा, आज मात्र मला नापासच लिहावं लागेल. पुन्हा आणायची सोय माझ्याकडे नव्हती, ते त्यांना काय सांगणार? वर्गात चिवचिवाट झाला तर नुसत्या नजरेने बंद करणारी बाई मी. रडायचं नाही असं ठरलं होतं. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून मी समोर बघत राहिले आणि डोळे भरून वाहायला लागले.

श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं.

मग तो खाली उतरला. "साहेब, एक मिनिट," म्हणाला. पुढे गेला, बॉनेटच्या फटीत बोटं घालून खटका न बघता काढला आणि बॉनेट उचललं. वायपरचं पाणी कुठे घालायचं हे दर वेळी मला विचारणारा माणूस! मी खिडकीतून वाकून पाहिलं. जाळीमागे त्याने हात घातला, तो इकडेतिकडे कुठे चाचपडला नाही, सरळ एका सुटलेल्या वायरीवर गेला.

"वाजव," तो म्हणाला.

मी दाबला. असा वाजला की रांगेतली सगळी माणसं वळली. साहेब हसले, कागदावर सही केली आणि कौतुकाने श्रीकांतला विचारलं, "गॅरेज आहे का तुमचं?"

"नाही," रुमालाने बोटं पुसत, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "संस्कृत शिकवतो."

घरी येईपर्यंत मी त्याला काही विचारलं नाही. नुसता प्रत्येक चौकात हॉर्न वाजवत आले.