पार्बताबाईची पेटी

सन बत्तीसच्या हंगामात मी अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो. नुकताच मॅट्रिक झालेलो, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत. पार्बताबाईला तर मी खिजगणतीतही धरत नव्हतो.

तीस वर्षं ती त्याच जिनात राबत होती. गंजीवरचा कापूस टोपल्यांत भरून यंत्रांपर्यंत न्यायचा आणि भरताना चाचपून त्यातले खडे, खिळे काढायचे, हे बावीस बायांचं काम. त्यांत ती सगळ्यांत जुनी. त्या वर्षी मालक गोवर्धनशेठनी मुंबईहून मोठा पंखा आणि पत्र्याचा नळ आणला. नळ गंजीवरचा कापूस ओढून थेट यंत्रात टाकणार होता. बायांची गरज संपली असं कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नियाज मिस्त्रीने पंखा सुरू केला. कापूस सरसर आत गेला. पार्बताबाई नळाला कान लावून उभी होती.

"बंद करा!" ती ओरडली. "आत खिळा वाजून राहिला!"

"म्हातारीले काम जायाचं भेव लागलं," म्हणून मी हसलो.

तेवढ्यात यंत्रात खट्‌ झालं, ठिणगी उडाली आणि रुईने पेट घेतला. पार्बताबाईने सकाळीच पोती भिजवून ठेवली होती. त्यांनीच आग विझली, पण नियाजचा हात कोपरापर्यंत भाजला.

"उद्या पुन्हा चालू करायचं," शेठजी म्हणाले. एवढा खर्च केल्यावर ते कुणाचं ऐकणार?

बाया कोपऱ्यात जमल्या. मी तिथेच घुटमळत होतो.

"याले इलाज हाय," पार्बताबाई पुटपुटली.

"बोलू नको माय," त्यांतल्या वच्छलाने तिचा हात धरला. "अजून एकडाव जळलं का नळ भंगारात जाते. आपलं काम राह्यते."

पार्बताबाई बराच वेळ नियाजच्या हाताकडे बघत राहिली. तिची बहीण कौशल्या अशाच आगीत गेली होती. मग ती उठली. थेट शेठजींसमोर जाऊन उभी राहिली.

"शेठजी, ज्वारी उपणतानी वारा पडला का जड ते पयले खाली येते. नळ मधात पेटीसारका रुंद करा. तिथं वारा ढिला पडन. खडा खाली, कापूस पुढं."

पंखा वाचतोय म्हटल्यावर शेठजी तयार झाले, आणि हात बांधलेल्या नियाजने मदतनिसांकडून दोन दिवसांत पेटी बसवून घेतली. पंखा सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे दाराशी, आणि ती एकटी पेटीजवळ. टण्‌कन खडा पेटीत पडला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत एकही ठिणगी उडाली नाही.

शनिवारी एकवीस बायांना घरी बसवलं. वच्छला तिच्याकडे न बघता निघून गेली. पार्बताबाईला तेवढं पेटी साफ करायला ठेवलं.

त्या संध्याकाळी तिने खड्या-खिळ्यांनी भरलेलं घमेलं माझ्या टेबलावर आदळलं.

"बाबू, हे एका दिवसाचं हाय. तीस वरसं आमच्या हातानं हेच निघत होतं. तुले कधी दिसलं नाही."

मला खरोखर लाज वाटली.

"वच्छला नाही तर मीबी नाही," म्हणून ती फाटकाबाहेर पडली.

सोमवारी पेटी साफ करायला शेठजींनी मला पाठवलं. मी हात घातला आणि पहिल्याच खिळ्याने माझा तळवा फाडला.