फोरमनचं माप चुकतं

फोरमन निवृत्त झाले आणि घरातल्या धडधाकट वस्तूंवर गदा आली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी न गळणारा नळ खोलला, तो गळायला लागला. मग पंखा उतरवला. पंखा परत चढला, पण चार स्क्रू उरले, आणि त्याखाली बसायला घरात कुणी तयार होईना. शेवटी बायकोने त्यांच्या हातात क्रोशाची सुई आणि लोकरीचा गुंडा ठेवला. यात काही बिघडलं तर उसवता तरी येतं, एवढंच ती म्हणाली.

चाळीस वर्षं लेथ मशीनवर लोखंड कातलेला माणूस! केसाएवढा फरक नुसत्या बोटाने सांगतो, अशी कारखान्यात त्यांची ख्याती. ती मुख्यतः त्यांनी स्वतःच पसरवली होती, हेही ते कबूल करत. क्रोशाने ती पार धुऊन काढली. नातीसाठी केलेली टोपी किटलीला चपखल बसली. मेव्हण्याला पायमोजे दिले, तर हे दोन्ही एकाच जोडीतले का, असं त्याने अदबीने विचारलं. सुनेच्या पिशवीची भोकं एवढी मोठी की तिच्यातून बटाटे पडायचे. पण सून गुणाची, ती त्या पिशवीतून कलिंगडं आणायची. आपल्या हाताने लोखंडाचं भलं केलं, लोकरीचं वाटोळं केलं, असं फोरमन येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगत.

बायकोचा हात मात्र बघत राहावा असा. हॉस्पिटलात जन्मणाऱ्या बाळांसाठी ती टोपडी विणायची आणि दर गुरुवारी स्वतः नेऊन द्यायची. तिथल्या नर्सबाईंशी गप्पा मारून यायला तिला दोन तास लागत, आणि त्या दिवशी फोरमनना गार चहा प्यावा लागे.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली आणि स्तन काढावा लागला. दुखणं गेलं, डॉक्टर खूश झाले. ती मात्र मिटून गेली. ब्लाउजच्या आत ठेवायला मिळालेला रबरी स्तन जड होता, घामाने चिकटायचा, म्हणून ती रुमालाची घडी ठेवायची. एकदा लिफ्टमध्ये चारचौघांत ती घडी घसरून पोटावर आली. ती तिथूनच माघारी फिरली, त्यानंतर तिने उंबरा ओलांडला नाही. आणि कपडे बदलताना ती खोलीचं दार लावून घ्यायला लागली. सदतीस वर्षांचा संसार झालेला माणूस स्वतःच्याच खोलीबाहेर पाहुण्यासारखा उभा राहायचा. त्यांना वाईट वाटायचं. त्याहून जास्त भीती वाटायची, की हे दार आता कायमचंच.

टोपड्यांची पिशवी आता गुरुवारी फोरमन नेत. असंच एकदा नर्सबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. म्हणाल्या, काही बायका मऊ सुती दोऱ्याचे स्तन विणून देतात, आत हलका कापूस भरतात, घाम येत नाही, घसरत नाही. नमुन्याचा कागदही त्यांनी काढून दिला. फोरमननी तो वरातीत हरवलेल्या माणसासारखा इकडेतिकडे बघत खिशात कोंबला. मग नर्सबाईंनी सरळ विचारलं, माप काय? फोरमनच्या कानापर्यंत रक्त चढलं. बघून सांगतो, असं ते म्हणाले खरे, पण बघणार कुठून?

बायकोला विचारायची छाती होईना. म्हणून त्यांनी गच्चीवर वाळत घातलेल्या तिच्या ब्लाउजला टेप लावला. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या. फोरमननी घाईघाईने टेप दोरीला लावला आणि दोरीची लांबी पुरेशी आहे का ते बघतोय, अशी थाप मारली. काकूंनी मान डोलावली आणि आपले कपडे जरा लांब नेऊन वाळत घातले.

मग त्यांनी ठरवलं, हाताला आठवतंय तेवढं पुरे. साखळी घातली, मुक्या खांबाचे टाके घालत गोल वाढवत नेला. पहिला झाला तो भोवऱ्यासारखा टोकदार. दुसऱ्यात कापूस असा ठासला, की टेबलावरून पडल्यावर त्याने उसळी घेतली आणि सरळ पलंगाखाली गेला. तिसरा मात्र मऊ, गोल, हाताला गोड लागणारा. फोरमननी तो दोनदा तळहातावर तोलून पाहिला आणि निवृत्तीनंतर प्रथमच स्वतःवर खूश झाले.

ती खिडकीशी टोपडं विणत बसली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली आणि विनाकारण घसा खाकरला. तिने पुडी उघडली. उलटंसुलटं करून पाहिलं. छातीशी धरून पाहिलं. मग ती हसायला लागली. आठ महिन्यांत हसली नव्हती, ते सगळं एकदम हसली. हसता हसता चष्मा काढून ठेवावा लागला तिला.

"अहो, हा आपल्या लग्नाच्या वेळचा आहे."

फोरमनना आधी कळेना, आणि कळलं तेव्हा कुठे तोंड लपवावं ते कळेना. केसाएवढा फरक ओळखणारा हा कारागीर थेट सदतीस वर्षांनी चुकला होता. आपल्या अकलेचे तारे एवढे लख्ख कधी तुटले नव्हते, असं त्यांना वाटलं. हसून वेळ मारून न्यावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच.

"तू दार लावून घेतेस. मग मला जे आठवतं, तेच विणणार ना मी."

तिचं हसू थांबलं. त्यांना वाटलं, संपलं. आता ही उठून आत जाईल. ती उठली. बाहेरच्या दाराला कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला आणि परत त्याच खुर्चीत येऊन बसली.

"बघवणार नाही तुम्हाला," ती म्हणाली.

"मला तू हवी आहेस," फोरमन म्हणाले. असलं वाक्य ते उभ्या आयुष्यात बोलले नव्हते.

तिने सावकाश वरचं बटण काढलं. मग दुसरं. फोरमननी खिशातून टेप काढला आणि तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकले. डाव्या बाजूला सपाट छातीवर आडवा, गुलाबी वण होता. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, ते कुठे बघतात ते बघत होती. त्यांनी वणावर हलकेच तळहात ठेवला, मग उजव्या बाजूला टेप लावला.

"किती आलं?" तिने विचारलं.

टेपवरचे आकडे त्यांना दिसत नव्हते. त्यांनी बाहीने डोळे पुसले, तरी दिसेनात.

"थांब जरा, परत घेतो," ते म्हणाले.

ती थांबली.